गोपाळबाबा वलंगकर आणि रक्ताचा दाखला

दरवर्षी २० मार्चला आपण महाडला जमतो. कोणी पोलादपूरकडून येतो, कोणी दापोली-मंडणगडहून, कोणी मुंबईहून रात्रीच्या गाडीने. चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतो, बाबासाहेबांना अभिवादन करतो आणि आपापल्या गावी परततो. याच महाड तालुक्यात रावढळ नावाचे एक गाव आहे. तिकडे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांची पावले वळतात. तळ्याच्या सत्याग्रहाच्या चाळीस वर्षे आधी त्या गावचा एक महार हवालदार हातात लेखणी घेऊन उभा राहिला होता. त्यांचे नाव गोपाळबाबा वलंगकर. आज त्यांचे चरित्र मी तुमच्यापुढे ठेवणार आहे. ते केवळ गौरवासाठी नाही. त्यांच्या आयुष्यात एक प्रश्न आहे, आणि तो अजून सुटलेला नाही.

तो प्रश्न मला वर्गात भेटला. मी पोलादपूर तालुक्यातील एका शाळेत शिक्षक आहे. जून महिन्यात प्रवेश सुरू झाले की जनरल रजिस्टर उघडावे लागते आणि धर्म, जात, पोटजात असे रकाने भरावे लागतात. एका वर्षी आपल्याच समाजातल्या एका मुलाने मला विचारले की आपण वेगळ्या वंशाचे आहोत का. आपण या देशातले मूळचे, आणि ज्यांनी आपल्याला बाटगे ठरवले ते बाहेरून आलेले, असे त्याने सभेत ऐकले होते. मला चटकन उत्तर देता आले नाही. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. असले प्रश्न ज्यांना विचारावेत असे वडीलधारे माझ्या घरी नव्हते. पुस्तके चाळता चाळता मी गोपाळबाबांपाशी येऊन थांबलो, कारण सव्वाशे वर्षांपूर्वी या प्रश्नाशी ते स्वतः झुंजले होते.

गोपाळबाबांचा जन्म सुमारे १८४० साली महार कुटुंबात झाला. त्या काळी महारकी म्हणजे काय होते हे आपल्यातल्या वृद्धांना ठाऊक आहे. गावाचा सांगावा पोचवायचा, मेलेले ढोर ओढायचे, सरकारी माणसाच्या घोड्यापुढे धावायचे आणि बलुत्याच्या दाण्यांवर पोट भरायचे. कोकणातल्या वरकस जमिनीवर तेही धड भरत नसे. या जोखडातून सुटण्याचे जे मोजके रस्ते होते, त्यांतला एक पलटणीकडे जात होता.

कंपनी सरकारच्या मुंबई सैन्यात महारांची भरती फार पूर्वीपासून होत आली होती. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा कोरेगावला जी लढाई झाली, तिच्या स्तंभावर कोरलेल्या मृतांच्या नावांपैकी २२ नावे नाक या प्रत्ययाने संपणारी आहेत. तो प्रत्यय महार शिपायाचा. पलटणीत पगार होता, हुद्दा होता, पेन्शन होती. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे शाळा होती. गावात ज्याच्या सावलीचा विटाळ होई, तो पलटणीत मुळाक्षरे गिरवू लागला. गोपाळबाबा तिथेच घडले. १८८६ साली हवालदार म्हणून ते निवृत्त झाले आणि दापोलीला राहू लागले. दापोलीच्या कॅम्पात तेव्हा पेन्शनर शिपायांची मोठी वस्ती होती. पुढे सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर तिथेच राहिले, आणि बाबासाहेबांचे बालपणाचे काही दिवस त्या वस्तीत गेले.

या पेन्शनरांची अवस्था विचित्र होती. अंगावर सरकारी पदके, हातात वाचता येणारे वर्तमानपत्र, पण गावाच्या हिशेबी ते महारच. मुलांना सरकारी शाळेत बसू द्यावे म्हणून दापोलीत अर्जविनंत्या कराव्या लागल्या. आणि शाळेत पाऊल पडले तरी मुलाची जागा बाहेर, व्हरांड्यात. ज्याने पलटणीत कवायत शिकवली, त्याचा मुलगा वर्गाच्या उंबऱ्याबाहेर! गोपाळबाबांच्या मनात जी आग पेटली ती इथे पेटली असावी, असे मला वाटते.

त्या आगीला दिशा दिली जोतीराव फुल्यांच्या विचाराने. १८७३ साली जोतीरावांचे गुलामगिरी प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी सत्यशोधक समाज स्थापन झाला. ते पुस्तक त्यांनी अमेरिकेतल्या निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले होते. पुण्यातला माळी समाजातला एक विचारवंत सातासमुद्रापलीकडच्या काळ्या गुलामाचे दुःख आपल्या शूद्रातिशूद्रांच्या दुःखाशेजारी ठेवून पाहत होता, हे आपण ध्यानात घ्यावे.

इथे थोडे मागे जायला हवे. आर्य या शब्दाची कथा आपल्याला समजली पाहिजे. १७८६ साली कलकत्त्यात विल्यम जोन्स या इंग्रज न्यायाधीशाने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, असे मत मांडले. ही भाषेची गोष्ट होती. पुढच्या शंभर वर्षांत युरोपातल्या पंडितांनी भाषेच्या नात्याचे रक्ताचे नाते केले. आर्य भाषा बोलणाऱ्यांचा एक आर्य वंश ठरला. तो गोरा, शूर आणि जेता. इथल्या उच्चवर्णीय सुशिक्षितांना हे फार आवडले. राज्यकर्त्या साहेबाचे आपण दूरचे भाऊबंद ठरतो, हे कोणाला नको होते?

जोतीरावांनी तेच नाणे उलटे करून दाखवले. आर्यभट बाहेरून आले असतील, तर ते या भूमीचे मालक नव्हेत, आक्रमक आहेत. जे इथल्या क्षेत्रात राहत होते तेच खरे क्षत्रिय, आणि महार-मांग हे सर्वांत निकराने लढले म्हणून त्यांना सर्वांत खाली दडपले. ज्या इतिहासाने आपल्याला हीन ठरवले होते, त्याच इतिहासातून जोतीरावांनी आपला स्वाभिमान बाहेर काढला.

गोपाळबाबांनी हा विचार उचलला आणि दापोलीला अनार्य दोषपरिहारक मंडळी स्थापन केली. या नावाकडे नीट पाहा. समाजाने अनार्य हा शब्द शिवी म्हणून वापरला होता. गोपाळबाबांनी ती शिवी पाटीवर लिहिली आणि दारावर लावली. दोष मात्र आपला मानला नाही. तो कोणीतरी आपल्यावर लादलेला आहे आणि त्याचा परिहार करायचा आहे, असे सांगितले. दीनबंधु आणि सुधारक या पत्रांतून ते लिहू लागले. १८८८ च्या सुमारास विटाळविध्वंसक या नावाने त्यांचे लेखन पुढे आले. त्यात त्यांनी उच्चवर्णीयांना प्रश्न विचारले. ही अस्पृश्यता कोणी केली, तिला आधार काय, असा त्यांचा रोख होता. एका महाराने लेखी प्रश्न विचारावेत आणि उत्तर मागावे, ही गोष्टच त्या काळी अघटित होती.

आता मी अशा जागी येतो, जिथे चरित्रकार बहुधा घाईने पुढे जातात. गोपाळबाबांनी आपल्याला अनार्य म्हटले, तसेच इतरांच्याही वंशावळी मांडल्या. चित्पावन ब्राह्मण हे मूळचे आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरचे यहुदी, वरिष्ठ मराठ्यांचे पूर्वज तुर्क, अशी त्यांची विधाने होती. ती खरी आहेत काय? नाहीत. त्यांना कसलाही पुरावा नाही. पण हसण्यापूर्वी आपण विचार करावा. त्या काळी मोठमोठे साहेब आणि शास्त्री असेच करत होते. कोणाचे डोळे घारे म्हणून तो परदेशी, कोणाचे नाक बसके म्हणून तो रानटी, असा सगळा खेळ चालला होता. गोपाळबाबांनी त्या खेळातले फासे उचलले आणि उलटे टाकले. तुम्ही आमची वंशावळ लिहिता, तर आम्हीही तुमची लिहून दाखवतो, असा तो प्रकार होता.

पण लवकरच त्यांच्यावर असा प्रसंग आला की या खेळाची किंमत साऱ्या कोकणातल्या महारांना मोजावी लागली.

१८८५ ते १८९३ या काळात लॉर्ड रॉबर्ट्‌स हा हिंदुस्थानचा सरसेनापती होता. हिंदुस्थानातले काही वंश जन्मजात लढवय्ये आहेत आणि बाकीचे नाहीत, असे त्याचे ठाम मत होते. शीख, गुरखा, पठाण हे लढवय्ये; दक्षिणेकडचे आणि किनाऱ्याकडचे लोक कामाचे नाहीत. हे मत लष्कराचे धोरण झाले, आणि १८९० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांतच महारांची भरती बंद पडली. ज्यांच्या आज्याने कोरेगावला प्राण दिला, त्यांना कळले की आपल्या रक्तात शौर्य नाही! रक्त तेच होते, माणसे तीच होती. एका कचेरीत मत बदलले आणि कोकणातल्या शेकडो घरांची चूल, शाळा आणि प्रतिष्ठा एकदम हातची गेली.

१८९४ साली गोपाळबाबांनी भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून सरसेनापतींना उद्देशून अर्ज तयार केला. या अर्जात त्यांनी काय म्हटले? आम्ही मूळचे क्षत्रिय आहोत. १३९६ सालच्या दुर्गादेवीच्या दुष्काळात जे मिळेल ते खावे लागले म्हणून आम्हाला खाली ढकलण्यात आले. म्हणजे मंडळीच्या पाटीवर अनार्य, आणि सरकारच्या अर्जावर क्षत्रिय. कोणी म्हणेल की हा विसंवाद आहे. जोतीरावांच्या शिकवणीत दोन्ही शब्द एकाच माणसाला लागू पडत होते, हे मी वर सांगितलेच. तरीही एक गोष्ट उरते. साहेबाला क्षत्रिय हा शब्द कळत होता, म्हणून तो शब्द लिहिला. माणूस आपली ओळख एकट्याने ठरवत नाही. दार ज्याच्या हातात असते, त्याच्या भाषेत त्याला ओळख सांगावी लागते. गोपाळबाबांना ही लाचारी मनातून बोचली असेलच. त्या अर्जाला यश आले नाही.

१८९५ साली सरकारने गोपाळबाबांची महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक केली. एक महार आपल्या शेजारी सभासद म्हणून बसणार, हे वरिष्ठ वर्गातील सभासदांना रुचले नाही. वर्तमानपत्रांतून त्यावर बराच वाद झाला. त्या वादात कोणी त्यांच्या बुद्धीबद्दल किंवा कामाबद्दल तक्रार केली असती तर गोष्ट वेगळी होती. तक्रार होती ती त्यांच्या जन्माबद्दल. १९०० साली गोपाळबाबा आपल्या रावढळ गावीच वारले. त्यांनी मागितलेली भरती त्यांच्या डोळ्यांदेखत सुरू झाली नाही.

त्यांच्या मागे काय घडले ते पाहा. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली तीच मागणी विलायतेत भारतमंत्र्यांपर्यंत नेली. ती मानली गेली नाही. मग पहिले महायुद्ध आले, माणसे कमी पडू लागली, आणि १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले आणि १९२१ साली ती मोडली. दुसरे महायुद्ध आले आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली. ती आजही भारतीय सैन्यात आहे. १८१८ ला शूर, १८९३ ला नालायक, १९१७ ला शूर, १९२१ ला नालायक, १९४१ ला पुन्हा शूर! वाचकहो, रक्त असे दर वीस वर्षांनी बदलते काय? बदलते ती सरकारची गरज. ज्याला लढवय्या वंश म्हणतात तो माणसाच्या शरीरात नसतो, तो भरतीच्या हुकमात असतो.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्षपदावरून बोलताना बाबासाहेबांनी लष्करभरती बंद झाल्यामुळे या भागातल्या आपल्या लोकांची कशी पीछेहाट झाली हे आवर्जून सांगितले. त्या मंडपात जुने पेन्शनर शिपाई बसलेले होते. दुसऱ्या दिवशी मिरवणूक तळ्यावर गेली. एक गोष्ट लक्षात घ्या. बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी आम्ही क्षत्रिय आहोत म्हणून मागितले नाही, आम्ही मूळचे आहोत म्हणूनही मागितले नाही. माणूस म्हणून आणि नागरिक म्हणून ते पाणी आमचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. गोपाळबाबांच्या अर्जापासून तळ्याच्या काठापर्यंत हे तेहतीस वर्षांचे अंतर आहे, आणि माझ्या मते आपल्या चळवळीतले ते सर्वांत मोठे अंतर आहे.

वंशाचा प्रश्न बाबासाहेबांनी शास्त्राच्या अंगानेही तपासला होता. १९१६ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जातींवर निबंध वाचला. जातीचे मूळ त्यांनी वंशात शोधले नाही; आपल्याच गटात लग्न करण्याच्या सक्तीत शोधले. १९३६ साली जातिनिर्मूलनाच्या न झालेल्या भाषणात त्यांनी पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार एकाच वंशाचे आहेत, हे ठासून मांडले. १९४६ साली शूद्रांवरील ग्रंथात आर्यांच्या स्वारीची उपपत्ती त्यांनी नाकारली. १९४८ साली अस्पृश्यांवरील ग्रंथात नाकाच्या मापांची कोष्टके घेऊन त्यांनी दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांच्यात वंशभेद सिद्ध होत नाही. ही मापे घेण्याची रीत रिस्ले नावाच्या साहेबाने इथे रूढ केली होती. १९०१ च्या जनगणनेचा तो प्रमुख होता, आणि नाक जितके बसके तितकी जात खालची, असा त्याचा सिद्धांत होता. बाबासाहेबांनी मापांनीच मापांचा पराभव केला.

आज नाकाची मापे शास्त्राने टाकून दिली आहेत. आता रक्तातील जनुके तपासतात. त्यातून दिसते ते असे की भारतातले बहुतेक सगळे समाज अनेक प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून झाले आहेत. प्रमाण कमीजास्त असेल, पण निर्भेळ असा कोणीच नाही. बाहेरून लोक आले हे खरे. ते अनेकदा आले आणि सर्वांत मिसळले हेही खरे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार हे मिसळणे सुमारे १९०० वर्षांपूर्वीपर्यंत चालू होते, आणि मग ते थांबले. म्हणजे आधी वेगळे वंश होते आणि त्यांच्या जाती झाल्या, असे घडले नाही. आधी लोक मिसळले, मग लग्नाची दारे बंद झाली. पंचविशीतल्या भीमरावाने बोट ठेवले होते ते नेमके याच दारावर.

तेव्हा बांधवांनो, आपल्यातले काहीजण जेव्हा सांगतात की आपले रक्त वेगळे आणि त्यांचे वेगळे, तेव्हा मला गोपाळबाबांचा अर्ज आठवतो. नागांचे स्मरण बाबासाहेबांनी केले आहे, आणि पूर्वजांचे स्मरण करण्यात गैर काही नाही. पण आपला हक्क रक्तावर उभा केला, तर उद्या रक्त तपासणाराच आपला न्यायाधीश होईल.

जगात इतरत्र पाहिले तरी हेच दिसते. जपानमध्ये बुराकू नावाचे लोक आहेत. कातडी आणि मेलेल्या जनावरांशी संबंध असलेली कामे त्यांच्या वाट्याला होती. चेहरा, भाषा, धर्म सर्व इतर जपान्यांसारखेच. १८७१ साली कायद्याने त्यांचा हीन दर्जा रद्द झाला, तरी लग्न आणि नोकरीच्या वेळी लोक त्यांचे मूळ गाव शोधत राहिले. तिथल्या काही बौद्ध मंदिरांनी तर त्यांच्या मृतांनाही हीनतादर्शक नावे दिली होती. हे बौद्ध म्हणून आपण लपवू नये. तिथे रंग नव्हता, तरी अस्पृश्यता होती.

अमेरिकेत उलट प्रकार झाला. पंजाबातून गेलेले भगतसिंग थिंद हे अमेरिकन सैन्यात होते. आपण उच्चवर्णीय आर्य आहोत, म्हणून गोरे आहोत, म्हणून नागरिकत्व मिळावे, असा त्यांचा दावा होता. १९२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. पंडित काहीही म्हणोत, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, असा निर्णय दिला. इथे ज्या आर्यपणाने माणूस देव होत होता, त्याची तिथे कवडीही किंमत झाली नाही. दक्षिण आफ्रिकेत १९५० च्या कायद्याने प्रत्येकाचा वंश नोंदवहीत लिहिला जाई. कोणाबद्दल संशय असेल तर केसांत पेन्सिल अडकते का, हेही पाहत. एकाच घरातली भावंडे वेगवेगळ्या रकान्यांत पडली. १९९१ साली तो कायदा रद्द झाला. माणसे होती तशीच राहिली, रकाने गेले.

हे तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितले आहे. आश्वलायन नावाचा तरुण ब्राह्मण वर्णश्रेष्ठतेचा वाद घालायला आला, तेव्हा त्यांनी त्याला यवन आणि कंबोज देशांकडे पाहायला सांगितले. तिथे चार वर्ण नाहीत. मालक आणि दास एवढे दोनच आहेत, आणि मालक दास होतो, दास मालक होतो. वासेट्ठाला त्यांनी गवत, किडे, मासे, पक्षी यांच्या जाती समजावल्या. त्यांच्यात जन्माची खूण असते; माणसात तशी खूण सापडत नाही, तिथे भेद आहे तो केवळ नावाचा.

आता माझ्या रजिस्टरकडे परत येतो. धम्म स्वीकारलेल्या माणसाला केंद्र सरकार १९९० पर्यंत अनुसूचित जातीत धरत नव्हते. त्या वर्षी कायदा दुरुस्त झाला आणि धरू लागले. म्हणजे तो रकाना कसा माणसांच्या हातून बदलतो, हे आपल्या पिढीने स्वतः पाहिले आहे. तो रकाना मी आजही भरतो, कारण अन्याय जोवर आहे तोवर त्याची नोंद हवी. अन्याय मोजायचा असेल तर नाव लिहावे लागते. पण नाव लिहिणे वेगळे आणि नावाला रक्त समजणे वेगळे.

त्या मुलाला मी पुढे उत्तर दिले. आपण वेगळ्या वंशाचे नाही, आपल्याला वेगळे केले गेले, एवढेच सांगितले. मग त्याला गोपाळबाबांची गोष्ट सांगितली. हवालदार, अनार्य, क्षत्रिय, बोर्डाचे सभासद. एकाच माणसाला लोकांनी किती नावे दिली आणि त्याने स्वतः किती घेतली! तो थोडा वेळ गप्प बसला आणि त्याने विचारले की या सगळ्यांत त्यांचे खरे नाव कोणते. वाचकहो, हा प्रश्न मी तुमच्यापाशी ठेवतो. पुढच्या २० मार्चला महाडला आलात तर एक दिवस जास्त काढा, आणि रावढळला जाऊन या.